सुंदराबाईची हाक

आमच्या मिलच्या वाइंडिंग खात्यात, म्हणजे सूत बाबिणींवर गुंडाळतात तिथे, तोंडाला काही किंमत नव्हती. मशीन सुरू झाली की शेजारणीच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी तिला नुसते ओठ हलताना दिसायचे. त्यामुळे सगळा कारभार हातांवर. पाणी पाहिजे, पोटात दुखतंय, साहेब येतोय, सासू गावाहून आलीय आणि परत जायचं नाव काढत नाही, हे सगळं आम्ही हातांनी आणि भुवयांनी बोलायचो. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, बायका माश्या हाकलताहेत.

या बोलण्यात प्रत्येकीला नाव होतं. घरचं नाही, हातावरचं. गंगुबाई मशेरी लावायची, म्हणून दातांवर बोट फिरवलं की गंगुबाई. सुभद्राच्या नाकात टपोरी चमकी होती, म्हणून नाकपुडी चिमटीत धरली की सुभद्रा. मीराबाईला चालताना पदर झटकायची सवय होती, तेवढं खांद्यावर झटकलं की ती वळलीच. ही नावं कोणीही ठेवायची नाहीत. तो मान एकटीचा, सुंदराबाई नायकिणीचा. नायकीण म्हणजे आम्हा बायकांवरची मुकादम. ती नव्या बाईकडे महिनोन्महिने नुसती बघत राहायची. मग एक दिवस खात्याच्या टोकाला उभं राहून हात वर करायची, ती बाई आपल्याकडे बघेपर्यंत थांबायची आणि तिचं नाव करून दाखवायची. सगळं खातं वळून बघायचं. त्या दिवसापासून ती बाई खात्याची.

मला ते नाव हवं होतं. हे आधीच सांगून टाकते. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गोष्टी मागितल्या, काही मिळाल्या, काही नाही, पण या एका गोष्टीसाठी जीव जितका तुटला तितका लुगड्यासाठी नाही, खोलीसाठी नाही आणि, खरं सांगायचं तर, नवऱ्यासाठीही नाही.

सुंदराबाई देवगडकडची. लहान वयात कुंकू पुसलं गेलं आणि भावाचं बोट धरून लालबागेत आली. मिलमध्ये झाडू मारण्यापासून सुरुवात करून नायकीण झाली. अंगाने काटक, पदर कमरेला खोचलेला, आणि कमरेवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली की तोच तिचा खुणेचा शब्द. आम्ही कमरेला हात लावला म्हणजे नायकीण येतेय, बाबिणी सरळ करा.

तिच्या काळात भरती तिच्या हातात होती. गावाहून कोणाची विधवा बहीण, कोणाची टाकलेली लेक मुंबईला आली की आधी सुंदराबाईच्या खोलीवर. तिथे चार दिवस जेवायचं, झोपायचं आणि तिच्या मागून मिलच्या फाटकातून आत शिरायचं. फुकट नाही हो. पहिला पगार झाला की नारळ, चोळीचा खण, सुक्या बांगड्यांची माळ घेऊन तिच्या पाया पडायला जावं लागायचं. पण बाई एकदा तिची झाली की झाली. तिच्या बाळंतपणाला सुंदराबाई, तिच्या दारूड्या नवऱ्याच्या मानगुटीवर सुंदराबाई, तिच्या पोरीच्या लग्नातही पंगतीत वाढायला सुंदराबाई.

आणि मग बदली कार्डं आली. आता नायकिणीने बोट दाखवून माणूस आत घ्यायचा नाही. कार्ड घेऊन सकाळी फाटकावर उभं राहायचं आणि पाळीने ज्याचा नंबर लागेल तो आत. मी तशी आत आले. बकुळा तशीच आली. आम्ही चौथी-पाचवी शिकलेल्या पोरी होतो, सही करायचो, युनियनच्या सभेला जायचो, आणि आम्ही कोणाच्या पाया पडून आलो नव्हतो याचा आम्हाला मोठा तोरा होता. सुंदराबाईच्या हातातून भरती गेली होती. हातात उरली होती फक्त नावं, आणि ती तिने मूठ आवळून धरली.

आम्हा सगळ्याजणींना मिळून तिची एकच खूण होती. दोन बोटांनी हवेत चौकोन काढायचा, म्हणजे कार्ड. मी चौकोन, बकुळाही चौकोन, आमच्या मागून आलेल्याही चौकोनच. चौकोनाने हाक मारली तर वळणार कोण? म्हणून ती आम्हाला हाक मारायचीच नाही. साहेब यायचा तेव्हा जुन्या बायकांना आधी कळायचं, आणि आम्ही बापड्या अंबाड्यात कापूस अडकलेल्या, साहेबापुढे गप्पा मारताना सापडायचो. चहा आला, खोक्यातला माल बदलला, अमुकीच्या बाबिणीचा धागा सारखा तुटतोय, हे सगळं आमच्या डोक्यावरून जायचं. शेवटी आम्ही तिच्या हाताकडे बघायचंच सोडून दिलं. जो हात आपल्याशी बोलत नाही त्याच्याकडे बघून मान कशाला दुखवून घ्यायची?

माझं गावही तिच्या गावापासून एका खाडीपलीकडचं. माझ्या मनात असायचं, ही निदान मला तरी वेगळं काढील. एकदा नळावर दोघीच होतो. बाहेर आवाज नव्हता, तोंडाने बोलता येत होतं. मी धीर करून विचारलं, "नायकीणबाय, माझं नाव कधी ठेवणार तुम्ही?"

तिने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं, पदराने पुसलं आणि शांतपणे म्हणाली, "माका इचारून इलंस काय तू? कार्ड घेवन इलंस ना, मग कार्डाकडेच माग जा नाव."

त्या रात्री मी जेवले नाही. नवऱ्याला वाटलं, मिलमध्ये कोणी मारलं.

लेबर ऑफिसर चांगला माणूस होता. आमच्या खात्यात दोन तट पडलेत आणि माल खराब जातोय, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. त्याने आधी भिंतीवर एक विजेची घंटा बसवली. ती वाजायची असं म्हणतात, आम्ही काही ऐकली नाही. मग कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून भाषण केलं, की जुन्यांनी नव्यांना सांभाळून घ्यावं आणि नव्यांनी जुन्यांचा मान राखावा. आम्ही सगळ्याजणींनी टाळ्या वाजवल्या, चहा प्यालो आणि खात्यात येऊन होतो तशाच आपापल्या बाजूला उभ्या राहिलो.

तोपर्यंत बाहेर संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं होतं. छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडणार अशी बातमी आली आणि गिरणगाव चुलीवरचा भात टाकून रस्त्यावर आला. आमचं खातंही निघालं. त्या दिवशी मात्र सुंदराबाई म्हणाली होती, सगळ्यांनी बरोबर चला, आपली आणि कार्डाची असं आज काही नाही. मला फार बरं वाटलं होतं. बकुळा माझा हात धरून चालत होती आणि तिच्या सवयीप्रमाणे हसताना तोंडावर पालथा हात धरत होती. घोषणा इतक्या मोठ्या होत्या की खात्यातल्यासारखंच, शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नव्हतं.

लालबागच्या नाक्याशी पुढून एकदम माणसं मागे लोटली. धूर आला, डोळे चुरचुरायला लागले, कोणाला काही कळेना. सुंदराबाई एका चाळीच्या जिन्यावर चढून उभी राहिली. तिने दोन्ही हात वर केले आणि खात्यात बोलायची तसं बोलायला लागली. दातांवर बोट, या दारात शिर. नाकपुडी चिमटीत, मागे फिर. पदराचा झटका, खाली बस. एकेकीला तिच्या नावाने हाक. आणि एकेक बाई त्या गर्दीतून, कोणी ओढून काढावं तशी, वळून त्या जिन्याशी आली. गंगुबाईला तर धड दिसतही नव्हतं, तरी ती पोचली.

मग तिने हवेत चौकोन काढला. पुन्हा काढला. ती किती वेळ ते करत होती, हे मला नंतर सुभद्राने सांगितलं. सुभद्रा म्हणाली, नायकीण चौकोन काढत होती आणि तुम्ही कोणी वर बघत नव्हता. आम्ही कशाला बघू? आम्हाला त्या हाताकडे बघायची सवयच उरली नव्हती. आम्ही चौकोनी पोरी माणसांच्या लोंढ्यात गेलो. माझा आणि बकुळाचा हात सुटला, ती पडली आणि तिच्या उजव्या हातावरून माणसं पळत गेली.

हाड सांधलं, पण बोटं मिटेनात. वाइंडिंगमध्ये तुटलेल्या धाग्याला डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारावी लागते. ज्या बाईची बोटं मिटत नाहीत तिला त्या खात्यात काम नाही. बकुळाचं काम गेलं.

सुंदराबाई तिच्या घरी गेली होती. नायगावच्या चाळीत, बकुळाच्या आईच्या हातचा चहा पिऊन आली. आज हे वाचणाऱ्याला त्यात काय मोठं असं वाटेल. पण सुंदराबाईच्या पिढीतल्या, तिच्या गावच्या बाईने त्या घरात बसून चहा पिणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे, आणि बकुळाच्या आईलाही ठाऊक होतं. तिथे सुंदराबाईने बकुळासमोर आपल्या तोंडावर पालथा हात धरला. ते बकुळाचं नाव. ते ठेवून झालं तेव्हा बकुळा खात्यात नव्हती. बकुळाने मला हे सांगितलं तेव्हा ती हसली, आणि हसताना डावा हात तोंडावर धरला.

त्यानंतर सुंदराबाई एकेक करून सगळ्या कार्डवाल्यांची नावं ठेवायला लागली. लेबर ऑफिसरने तेव्हाच एक शहाणपणाची गोष्ट केली. एका जुन्या बाईशेजारी एक नवी, अशा जागा बदलल्या. जुन्यांकडून नव्या हात शिकल्या आणि नव्यांकडून जुन्या सही शिकल्या. गंगुबाईने साठीच्या उंबरठ्यावर पगाराच्या कागदावर अंगठ्याऐवजी 'गंगु' असं लिहिलं आणि उरलेलं 'बाई' पुढच्या महिन्यासाठी ठेवलं. खातं सुरळीत चालायला लागलं. नाही म्हणायला मी तेवढी उरले.

माझी वेळ आली तेव्हा दुपार होती. सुंदराबाई टोकाला उभी राहिली, तिने हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं. सगळं खातं माझ्याकडे बघत होतं. मी तिच्याकडे बघायचं आणि तिने माझं नाव करायचं, एवढंच बाकी होतं. ज्याची मी इतकी वर्षं वाट बघितली ते समोर उभं होतं, आणि मला बकुळाची न मिटणारी बोटं दिसली. तिला तिचं नाव वेळेवर दिलं असतं तर? मी मान फिरवली. जी बाई नायकिणीकडे बघत नाही, तिचं नाव करता येत नाही, अशी रीत होती. सुंदराबाईचा हात खाली आला.

मी केलं ते मला अजूनही चूक वाटत नाही. पण त्या दिवसापासून माझ्या छातीत काहीतरी रिकामं झालं आणि ते भरलं नाही, हेही खरंच आहे. पोरींनी मग आपापसात मला खूण ठेवली, मान एकदम बाजूला झटकायची. मान फिरवणारी. चालायचं. त्या खुणेने मी पाण्याला वळायचे, चहाला वळायचे. पण ते नाव नव्हतं, ती चेष्टा होती.

सुंदराबाई पुन्हा कधी माझ्यासाठी हात वर करायला आली नाही. तीही काही कमी ताठ नव्हती. बकुळाच्या घरच्यांनी छप्पनच्या शेवटी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, निवडणुका आल्या नि गेल्या, लोकांच्या तोंडी रोज महाराष्ट्र होता, आणि आम्ही दोघी एका खात्यात, एकमेकींकडे चोरून बघत, काम करत राहिलो. ती निवृत्त झाली त्या दिवशी सगळ्याजणी तिच्या गळ्यात पडून रडल्या. मी बाबिणी भरत होते. तिने फाटकातून बाहेर जाताना एकदा मागे वळून बघितलं. कोणाकडे बघितलं ते मला कळलं नाही, म्हणजे मी कळून घेतलं नाही. तिच्यानंतर नवी नायकीण नेमलीच नाही. ती जागाच मिलने बंद केली.

साठ सालच्या उन्हाळ्यात आमच्या खात्यातल्या कोकणातल्या सगळ्या बायका नेहमीसारख्या गावी गेल्या. आंबे, फणस, लग्नं. मी नवऱ्याच्या पाळीमुळे मुंबईतच राहिले. एके दिवशी सुटायच्या वेळेला फाटकावर एक गृहस्थ उभा होता. सुंदराबाईच्या भावाचा मुलगा, रमाकांत. तो प्रत्येक बाईला विचारत होता, वाइंडिंगची का, म्हणून. आत्याला अर्धांगवायू झालाय, उजवी बाजू गेली, वाचा गेली, असं त्याने सांगितलं. डाव्या हाताने ती सारखं काहीतरी बोलते आणि घरात कोणाला कळत नाही. सुभद्राबाई गावी, गंगुबाई गावी. तुम्हाला तो हात कळतो का?

मी म्हटलं, कळतो.

दुसऱ्या दिवशी मिलला सुट्टी होती. महाराष्ट्र राज्य झालं होतं. लालबागेत तोरणं, गुलाल, लेझमीची पथकं, ढोल. सुंदराबाईच्या खोलीखालूनच मिरवणूक चालली होती आणि खोलीत इतका आवाज होता की रमाकांत मला खुर्चीवर बसा म्हणतोय हे मला त्याच्या हातावरून कळलं. ती खाटेवर होती. केवढीशी झाली होती. मी दारात उभी राहिले तर तिच्या कमरेवर हात नाही म्हणून मला ती ओळखू येईना.

तिने मला बघितलं आणि डावा हात उचलला. मनगटाची मागची बाजू कपाळावरून वर नेली. पुन्हा तेच. रमाकांतने माझ्याकडे बघून मान हलवली. हेच ती परवापासून करत होती. त्याने पाणी देऊन बघितलं होतं, उशी बदलून बघितली होती.

मी आठवायला लागले. आमच्या खात्यात असा शब्द नव्हता. ती कोणाची खूण नव्हती, ना जुन्यांपैकी, ना नव्यांपैकी. मी तिच्यासमोर नुसती उभी होते, उन्हातून चालत आल्याने घामेजलेली, आणि कपाळावर आलेली केसांची बट मी मागे सारली. मनगटाने. बोटांना कापूस असायचा ना कामावर, म्हणून मला ती सवयच लागली होती, बोटं न लावता मनगटाने केस मागे घ्यायची. मला ती सवय आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

सुंदराबाईचा अर्धा चेहरा हसला. तिने पुन्हा मनगट कपाळावरून नेलं आणि माझ्याकडे बोट केलं.

ती परवापासून मला हाक मारत होती.

मला खाटेच्या कडेला बसावं लागलं. खाली ढोल वाजत होता. मी हातांनी विचारलं, हे नाव कधी ठेवलंत? तिने एक बोट वर केलं आणि भोंग्याची दोरी ओढतात तसा हात खाली ओढला. पहिला दिवस. मी कार्ड घेऊन आत आले, त्या पहिल्या दिवशी.

मला तिचा जेवढा राग आला, तेवढा आयुष्यात कोणाचा आला नाही. इतकी वर्षं मुठीत धरून ठेवलंस, म्हातारे. आणि मला रडू आलं ते रागाचं नव्हतं. तिच्या डोळ्यांतूनही एका बाजूने पाणी आलं. रमाकांत आमच्याकडे बघत होता, काहीतरी विचारत होता, ऐकू येत नव्हतं.

मग तिने तोंडावर पालथा हात धरला, आणि नंतर बोटं मिटून उघडून दाखवली. बकुळा, हात कसा आहे? मी सांगितलं, नाही मिटत, भायखळ्याच्या बाजारात भावाबरोबर भाजी विकते, हसते अजून. तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हवेत चौकोन काढला आणि तळहात उताणा केला. नव्या पोरी? त्यांची नावं? मी मान हलवली. तुम्ही गेल्यापासून कोणाचंच नाव ठेवलेलं नाही. ठेवणार कोण, नायकीणच नाही.

तिने मनगट कपाळावरून नेलं. मग हात छातीशी नेऊन माझ्याकडे उघडला. तू ठेव. आणि तर्जनी हलवून मला दटावलं, अगदी खात्यात दटावायची तशी. पहिल्या दिवशीच. थांबू नको.

मी पुन्हा यायचं कबूल करून निघाले. पण जुन्या बायका गावाहून परत येण्याआधीच ती गेली. त्या आल्यावर रडल्या, मला विचारलं, शेवटी काय बोलली? मी त्यांना बकुळाचं विचारलेलं सांगितलं, नव्या पोरींचं सांगितलं. माझं नाव मात्र सांगता आलं नाही. आपलं नाव आपणच कसं करून दाखवणार? ते नायकिणीने खात्याच्या टोकाला उभं राहून करायचं असतं.

पुढे कित्येक पोरी आल्या. कार्डावर आल्या, वशिल्याने आल्या, टेरिलीनच्या साड्या नेसून आल्या, आणि आम्हाला म्हाताऱ्या म्हणाल्या. मी प्रत्येकीचं नाव पहिल्या दिवशी ठेवलं, संध्याकाळचा भोंगा व्हायच्या आत. त्या मला मान झटकून हाक मारायच्या आणि मी वळायचे.

आता मशीन नाहीत, आवाज नाही, घरात सगळे तोंडाने बोलतात आणि मला अर्धं ऐकू येत नाही. केस पातळ झालेत, कपाळावर येतच नाहीत. तरी दिवसातून एकदा मनगट आपोआप वर जातं. मग मी हाक आल्यासारखी दाराकडे बघते.